गेंदाचं रान

हरणाबाईंना मी ओळखू लागले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. विट्याजवळच्या आमच्या शेतात त्यांचा मुलगा उन्हाळ्यात मेंढरं बसवायला आणायचा. रात्रभर मेंढरं वावरात बसली की त्यांच्या लेंड्यांचं खत होतं, म्हणून माझे वडील त्यांना दरवर्षी बोलावत. मुलगा मेंढरांमागे जाई आणि हरणाबाई बाभळीखाली चरकी घेऊन लोकर कातत बसत. ही हकिकत त्यांनी मला एका बैठकीत सांगितली नाही. कधी थोडी, कधी आणखी थोडी, आणि दरवेळी अशा आवाजात की जणू दुसऱ्याच कुणा बाईचं सांगताहेत. मी तिचे तुकडे जोडले आहेत, एवढंच.

तेव्हाची हरणा विशीतली होती. विट्याच्या पूर्वेला, खानापूरच्या माळावर धनगरांची एक लहान वाडी आहे. तिथल्या सिद्धूला ती दिलेली. घरात सिद्धूची आई दगडाबाई, शेजारच्या खोपटात थोरला दीर, जाऊ आणि त्यांचा पोरगा गुंडा. बाकी सगळी मेंढरंच. साल बेचाळीसचं. लढाई चालू होती आणि लष्कराच्या घोंगड्यांसाठी लोकरीला चांगली मागणी होती. पण त्या वर्षी माळावर पाऊस झालाच नाही. आषाढ कोरडा गेला. मेंढरं मुळासकट उपटलेलं कुसळी गवत चघळत उभी राहायची.

त्याच आषाढात हरणाची मुलगी अंजना गोवरात गेली. दीड वर्षाची होती, अजून अंगावर पीत होती. ओढ्याच्या काठाला तिला पुरलं. दगडाबाई मोठ्यानं रडली, जाऊ रडली. हरणा रडली नाही. घरी येऊन तिनं चूल पेटवली आणि भाकरी थापल्या. तिला दूध येत राहिलं. ते ती गोठ्यामागे जाऊन मातीत पिळायची, वरून पायानं माती सारायची आणि पुन्हा कामाला लागायची. पुढं दूध आटलं. तेही तिला नीट कळलं नाही. एक दिवस गोठ्यामागे जायची गरज उरली नाही, इतकंच.

बोलणं मात्र थांबलं. कुणी विचारलं तर व्हय किंवा न्हाई. त्यापलीकडं तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता. दगडाबाईनं बिरोबाला भंडारा बोलला, देवऋषीकडून दोरा आणून गळ्यात बांधला. हरणानं तो बांधू दिला.

श्रावण सरला तरी आभाळ रिकामंच होतं, तेव्हा सिद्धूनं पश्चिमेला जायचं ठरवलं. पावसाळ्यात मेंढरं घेऊन डोंगराकडं कुणी जात नसे. ओलीनं खूर सडतात, लोकर कुजते, हे पोराटोरांनाही माहीत. पण सिद्धूची लोणंदच्या बाजारात आकाराम नावाच्या एका शेतकऱ्याशी ओळख झाली होती. तो मेढ्याच्या वरच्या अंगाचा, जावळीतला. त्याला त्या साली पड टाकलेल्या नाचणीच्या वावरात मेंढरं बसवून हवी होती. तो म्हणाला होता, या कधीही, आमच्याकडं चाऱ्याला तोटा नाही. थोरल्या भावानं सिद्धूला समजावून पाहिलं. सिद्धूनं ऐकून घेतलं आणि गौरी गेल्यावर घोड्यावर बिऱ्हाड लादलं. दगडाबाई थोरल्याकडे राहिली.

वाटेत येरळा नदी ओलांडली ती कोरड्या वाळूतून. रहिमतपूरच्या पुढं जमीन हिरवी दिसू लागली आणि मेंढरं आपोआप भरभर चालायला लागली. साताऱ्याच्या अलीकडं पोलिसांनी थांबवलं. त्या दिवसांत जिल्ह्यात मोर्चे निघत होते, धरपकड चालली होती. शिपायानं घोड्यावरची पोती काठीनं ढोसून पाहिली, कळपाकडं पाहिलं आणि जा म्हणाला. हरणा सगळ्यांत मागे, लंगड्या कोकरांबरोबर चालत होती. तिला त्या वाटेतलं पुढं फार थोडं आठवत होतं. शिपायाच्या पायांना गुंडाळलेल्या कापडी पट्ट्या आठवत होत्या. त्यातली एका पायाची सुटली होती.

मेढ्याच्या वर चढून गेल्यावर आकारामचं गाव. त्यानं वावर दाखवलं, वाघर लावायला जागा दिली. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी. आकारामची बायको बनुबाई गुळाचा कोरा चहा घेऊन आली. भाताची खाचरं काठोकाठ भरलेली होती. दगडातून पाणी पाझरत होतं, बांधातून पाझरत होतं, पायाखालून पाझरत होतं. हरणानं आयुष्यात इतकं पाणी पाहिलं नव्हतं. त्याचं तिला काही वाटलं नाही.

गावाच्या वर एक लांबच लांब सडा होता. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट, काळ्या खडकाचं रान. सड्यावरचं पाणी जिथं खाली उतरायचं तिथं एक रुंद पट्टा कायम ओला असायचा. लांबून तो पांढरा दिसे. ज्वारीच्या लाह्या सांडाव्यात तसा. सिद्धूनं मेंढरं तिकडं वळवली आणि ती माना खाली घालून चरायला लागली. दिवसभर त्यांनी मान वर केली नाही.

हरणा त्या पांढऱ्यात बसून राहायची. राखणीला दुसरं काम नव्हतं. एक दिवस तिनं सहज त्यातलं एक उपटलं. माळावरच्या बाईला गवत हातानं कळतं. पवन्या, मारवेल, कुसळी, हरळी, कुठलंही घ्या, काडीवरून अंगठा फिरवला की गाठ लागते, पेर लागतं. ह्याला पेरच नव्हतं. पाती मात्र गवताचीच. अरुंद, टोकाला निमुळती, सगळी जमिनीलगत एकाच जागेतून गोल पसरलेली. मधून नुसता एक देठ वर आलेला, त्याला एकही पान नाही. देठ बारीक, कंगोऱ्यांचा आणि थोडा पिळलेला. टोकावर एकच पांढरा गोंडा, सदऱ्याच्या गुंडीएवढा. मुळं पांढरी आणि मऊ, चिखलातून ओढली तरी न दुखता निघून आली. हरणानं मनात म्हटलं, हे गवत नव्हं. मग तिनं ते टाकून दुसरं उपटलं. रोज ती अशी कितीतरी उपटायची. अंगठा फिरवायचा, पेर लागत नाही हे पाहायचं आणि टाकायचं. त्यात तिचा दिवस जाई.

ह्या झाडाला तिकडं गेंद म्हणतात. मी स्वतः पुष्कळ वर्षांनी भाद्रपदात त्या बाजूला गेले आणि ओल्या खडकावर पालथी पडून गेंद भिंगातून पाहिला. आपण ज्याला एक फूल समजतो तो मोहरीहून लहान अशा कितीतरी फुलांचा गठ्ठा असतो. त्यातली काही नर असतात, काही मादी, आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या केसांच्या कडा असलेले बारीक तुकडे असतात. त्या केसांमुळे गोंडा पिठात बुडवल्यासारखा दिसतो. नर फुलांचे परागकोश काळे असतात. गोंडा पिकला की पांढऱ्यावर काळे ठिपके उमटतात. पान आडवं फाडलं तर आत हवेच्या लहान लहान खोल्या दिसतात. मुळांतही तशाच. चिखलात हवा नसते, ती झाडाला आपल्याच अंगातून खाली न्यावी लागते. पावसाळ्यात उगवायचं, भाद्रपद-आश्विनात फुलायचं, पाणी हटलं की बी टाकून वाळून जायचं. एका पावसाळ्याचं आयुष्य. विष वगैरे त्यात काही नाही. जिथं जमिनीखाली पाणी तुंबून राहतं तिथं ते येतं, एवढीच त्याची खोड.

त्या पाणथळीत आणखी एक गोष्ट होती. देठांच्या बुडाशी, पाण्याला लागून, मुगाच्या डाळीएवढे तपकिरी शंख चिकटलेले असायचे. हात लावला की आतला जीव आखडून घ्यायचा. हरणा ते नखानं उडवायची.

बनुबाई गवत कापायला त्या बाजूनं येई. ती बोलकी होती. हरणा उत्तर देत नाही म्हणून तिचं काही अडत नसे. अंजनाचं तिला सिद्धूकडून कळलं होतं. पण ती त्यावर बोलली नाही. आपल्या शेरडांचं, सुनेचं, भाताचं बोलत राहिली. एक दिवस भारा बांधता बांधता तिनं मेंढरांकडं पाहिलं आणि विळा खाली ठेवला.

"बाय, हितं नगं चारू बकऱ्यास्नी," ती म्हणाली. "गेंद फुलतो तितली जमीन खालनं पाण्यात असती. आमी शेरडंबी सोडत न्हाई हितं. आत्ता काय व्हत न्हाई. मागनं फुगत्यात आन् मरत्यात. त्या वरच्या उताराला न्हे, गवत थोडं हाय, पर कोरडं हाय."

हरणा म्हणाली, "व्हय."

बनुबाई भारा घेऊन गेली. हरणानं सगळं ऐकलं होतं. शब्दन् शब्द तिला कळला होता. उठून मेंढरं वर हाकायला हवीत हेही कळलं होतं. पण ऐकलेलं आत जाऊन तिथंच पडून राहिलं. मला सांगताना हरणाबाई म्हणाल्या, आडात दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं व्हायचं तवा. मेंढरं चरत होती. ऊन पडलं होतं. ती बसून राहिली.

संध्याकाळी सिद्धू वाघरीजवळ आला. त्यानं घोड्याला पाणी दाखवलं, चुलीशी बसून विचारलं, "ती बाई काय म्हणत हुती आज?"

"काय न्हाई," हरणा म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि भाकरी मोडून घेतली. दुसऱ्या दिवशी मेंढरं पुन्हा गेंदाच्या पट्ट्यावर गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

दिवाळीच्या सुमाराला ती परत निघाली. मेंढरं अंगानं भरली होती, लोकर दाट आली होती. वाटेत लोक थांबून पाहायचे. वाडीवर पोचली तेव्हा दगडाबाईनं पुढच्या मेंढीला हळद लावून ओवाळलं. थोरल्या भावानं मेंढरांच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच्या स्वतःच्या मेंढरांच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. वाडीतले पुरुष सिद्धूभोवती बसून वाट कशी, पाणी कुठं, तळ कुठं टाकला हे विचारू लागले. पुढच्या साली आपणही जाऊ, असं जो तो म्हणाला. सिद्धू सांगत होता. हसतही होता. हरणानं मुलीला पुरलं होतं त्या जागेवर दगड नीट आहेत का ते जाऊन पाहिलं. ते नीट होते. ती परत आली.

पौषात पुढची मेंढी मागे पडायला लागली. जी सगळ्यांच्या पुढं चालायची ती थांबून थांबून चालू लागली. मग तिच्या जबड्याखाली एक फुगवटा आला. दाबला तर बोटाचा खड्डा पडे आणि तसाच राही. डोळ्याची पापणी उलटून पाहिली तर आतून पांढरीफटक. ती मेली तेव्हा आणखी कितीतरी मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरलं होतं. गाभण मेंढ्या गाभडल्या. लोकर मुठीनं निघून येऊ लागली. दगडाबाई बिरोबाच्या देवळात जाऊन बसली. आपण बोललेला भंडारा वाहायचा राहिला, म्हणून देव कोपला, असं तिनं ठरवलं. तो तिनं वाहिला. मेंढरं मरतच राहिली.

सिद्धू विट्याला जाऊन गुरांच्या डॉक्टरला घेऊन आला. तो सायकलवरून आला, मध्यमवयीन, थकलेला माणूस. वाडीतली सगळी माणसं गोळा झाली. त्यानं नुकत्याच मेलेल्या मेंढीचं पोट फाडलं, काळीज, म्हणजे यकृत, बाहेर काढलं आणि सुरीनं चिरलं. ते कडक झालं होतं, सुरीखाली करकरलं. आतल्या नळ्यांमधून चपटे किडे बाहेर आले, झाडाच्या लहान पानासारखे. काही अजून हलत होते. डॉक्टरनं ते दगडावर ठेवले आणि विचारलं, पावसाळ्यात मेंढरं कुठं चारलीत?

सिद्धूनं गावाचं नाव सांगितलं.

"पाणथळ होती का? तिथं बारीक शंख होते, गवताला चिकटलेले?"

सिद्धूनं दगडावरच्या किड्यांकडं पाहिलं. हरणा बायकांच्या मागे उभी होती. ती म्हणाली, "व्हय. हुतं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. परक्या माणसासमोर ती कधी बोलली नव्हती. डॉक्टरनं तिच्याकडं पाहून मान हलवली आणि समजावून सांगितलं. आजारी जनावराच्या लेंडीतून ह्या किड्याची अंडी पाण्यात पडतात. पिल्लं शंखाच्या आत वाढतात, मग बाहेर पडून ओल्या पात्यांना चिकटतात. मेंढरू पातं खातं, त्याबरोबर किडा पोटात जातो आणि काळजात घर करतो. दिसायला दोन-चार महिने लागतात. औषध आहे, पण लढाईमुळे मिळत नाही. मी पुण्याला लिहून पाहतो, तो म्हणाला. बहुधा त्यानं लिहिलंही असेल. औषध आलं नाही.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर सिद्धू आणि हरणा दोघंच ओढ्याच्या पल्याड मेलेली मेंढरं पुरत होती. सिद्धू खणत होता, ती पाटीनं माती ओढत होती. पाटी खाली ठेवून ती म्हणाली, "बनुबाईनं सांगितलं हुतं मला. हितं चारू नगं म्हणून."

सिद्धूनं कुदळ थांबवली नाही. तो खणत राहिला. खड्डा कमरेइतका झाल्यावर तो कडेला टेकला.

"मला आकारामनं सांगितलं हुतं," तो म्हणाला. "पयल्याच दिशी."

हरणानं त्याच्याकडं पाहिलं.

"वरल्या उताराला काय हुतं? चार काड्या. आन् हितं मागारी येऊन काय खाया घालनार हुतो?" त्यानं हातातली माती झटकली. "मग त्या दिशी तुला इचारलं. तू काय न्हाई म्हणलीस. मला बरं वाटलं."

दोघांनी मेंढरं खड्ड्यात ओढली, वरून काटे टाकले, माती लोटली. घरी येताना तो पुढं चालत होता आणि ती मागे. त्यावर दोघं पुढची सात वर्षं एक शब्द बोलली नाहीत. भांडण नव्हतं. एकमेकांना ती जेवायला वाढत होती, आजारपणात उठून पाणी देत होती. फक्त तो विषय काढत नव्हती.

शिमग्यापर्यंत वाघर रिकामी झाली. उरलेली चार-दोन मेंढरं थोरल्याच्या खांडात, म्हणजे कळपात, मिसळली. घोडा विकला. सिद्धू पुण्याकडं लष्कराच्या छावणीत हमालीला गेला आणि लढाई संपेपर्यंत तिकडंच राहिला. वर्षातून एकदा यायचा. हरणा दगडाबाईजवळ राहून वाडीतल्या लोकांची लोकर कातायची. चरकी फिरत राहायची. कधी सकाळची संध्याकाळ व्हायची आणि मधल्या वेळात काय झालं ते तिला सांगता यायचं नाही. किडा पडला तोही देवाच्या कोपानंच, असं धरून दगडाबाई दर आठवड्याला देवळात जाऊन देवाची माफी मागे. आपल्याच चुकीनं खांड गेलं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. हरणा शेजारी बसून ऐकायची. खरं काय ते तिला माहीत होतं. ती कातत राहायची.

लढाई संपली. सिद्धू परत आला. त्यानं थोड्या मेंढ्या आणि एक घोडा घेतला. सेहेचाळीस साली हरणाला मुलगा झाला, त्याचं नाव बिराप्पा ठेवलं. तिनं त्याला वेळेवर पाजलं, न्हाऊ घातलं, काजळ घातलं. हाताला सगळं येत होतं. बाकी कुठं काही हलत नव्हतं. तो रडला की ती उठायची, चूल विझत आली की उठावं तशी.

एकोणपन्नास साली माळावर पुन्हा पाऊस चुकला. श्रावणात वाडीतले पुरुष बिरोबाच्या देवळापुढं पारावर जमले. तात्याबा नावाचे सगळ्यांत वयस्कर गृहस्थ मधोमध बसले होते. कुणी म्हणालं जतच्या बाजूला जाऊ, तिकडं दोन पाऊस झालेत. थोरल्या दिराचा मुलगा गुंडा आता विशीचा झाला होता. तो म्हणाला, जतला काय ठेवलंय, जावळीत जाऊ. त्यानं लहानपणी ती परत आलेली मेंढरं पाहिली होती. तशी मेंढरं त्यानं पुन्हा कधी पाहिली नव्हती. पुढं ती मेली हे त्याला ठाऊक होतं, पण ते देवाच्या कोपानं, असं त्यानं आजीच्या तोंडून ऐकलेलं. डॉक्टर येऊन काय बोलला ते कोण लक्षात ठेवतं.

तात्याबांनी सिद्धूला विचारलं, "तू गेलतास. तुजं काय म्हननं?"

सिद्धू खाली पाहत बसला. त्याला बोलायचं होतं की नव्हतं ते सांगता येणार नाही. लोक वाट पाहत राहिले. दोघा-चौघांना वाटलं की त्याची हरकत नाही.

हरणा देवळाच्या भिंतीला इतर बायकांबरोबर उभी होती. बिराप्पा कडेवर होता. बाईनं पारावरच्या बोलण्यात बोलायची रीत नव्हती. आपण बोलणार आहोत हे तिलाही माहीत नव्हतं. ती पुढं आली आणि म्हणाली, "जावा. पर गेंद फुलतो तितं बकरं सोडू नगा."

गुंडानं विचारलं, "गेंद कंचा, काकी? तिकडं सगळं गवतच असतंय. वळखायचं कसं?"

"गवतागत दिसतं. पर गवत न्हवं ते," हरणा म्हणाली. आवाज मोठा नव्हता. माणसं पुढं झुकली. "काडीवरनं आंगठा फिरीव. पेर लागत न्हाई. पाती समदी खाली, एका जागी. वर नुसता देठ आन् देठाला एकच पांढरी गुंडी. उपाटलं की मुळं पांढरी, मऊ, चिखलासकट येत्यात. तसलं एक जरी दिसलं तरी समज खाली पानी हाय. तितं शंख असत्यात, बारीक. त्यात किडा असतो. आत्ता बकरं खातंय, फुगतंय, झॅक दिसतंय. पुसात मरतंय."

तिनं बिराप्पाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "मला तितल्या बाईनं सांगितलं हुतं. म्या आयकलं आन् गप बसले. देवाचं काय न्हाई त्यात."

दगडाबाई पायरीवर बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तेव्हा सिद्धू उठून उभा राहिला.

"मलाबी सांगितलेलं हुतं," तो म्हणाला. "आदी मला."

एवढंच बोलून तो खाली बसला नाही. पार उतरून मेंढरांकडं निघून गेला. तात्याबांनी तंबाखू मळायला घेतली आणि थोड्या वेळानं जतचा विषय पुन्हा काढला.

वाडीतले बहुतेक लोक जतच्या बाजूला गेले. गुंडा मात्र ऐकेना. तो आणि त्याचे दोन मित्र जावळीतच गेले. पण ओल्या पट्ट्यापासून लांब, वरच्या उताराला राहिले. चारा कमी पडला, काही मेंढरांचे खूर सडले, काही वाटेत गेली. बाकीची त्यांनी परत आणली. ती बारीकच होती, पण पौष उलटला तरी चालत होती.

त्या दिवशी पारावरून घरी आल्यावर हरणानं बिराप्पाला खाली ठेवलं. ती जमिनीवर बसली. पोरगं तिच्या तोंडाकडं बघत राहिलं आणि मग त्यानं तिच्या हनुवटीला हात लावला. त्याचा हात चिकट होता, गुळाचा. मला हे सांगताना हरणाबाई चरकी थांबवून बसल्या होत्या. त्या दिवशी मला तो हात लागला, त्या म्हणाल्या, त्याच्या आदी तीन वर्सं तो हात लावतच असंल की.

दगडाबाई संध्याकाळी घरी आली. तिनं पाय धुतले नाहीत, दिवा लावला नाही. चुलीपुढं उभी राहून तिनं विचारलं, "सात वर्सं म्या देवाच्या पाया पडत हुते. तवा का न्हाई सांगितलंस?"

"आत्ती, मला बोलायला येत नव्हतं," हरणा म्हणाली.

दगडाबाईला ते उत्तर पुरलं नाही. ती थोरल्या सुनेकडं जाऊन जेवली आणि तिकडंच झोपली. आठ-दहा दिवस ती हरणाच्या हातचं काही खाईना. मग एका सकाळी ती आली आणि नातवाला मांडीवर घेऊन बसली. हरणानं ताटलीत भाकरी आणि चटणी पुढं ठेवली. दगडाबाईनं आधी पोराला भरवलं. नंतर स्वतः खाल्लं.

त्याच आठवड्यात सिद्धू आणि हरणा मेंढरं घेऊन जतच्या वाटेला लागली. उशीर झाला होता, बाकीचे पुढं गेले होते. वाटेत सिद्धूनं एका ठिकाणी थांबून विचारलं की इथं तळ टाकावा का. हरणानं वाकून जमीन पाहिली. ती कोरडी होती. व्हय, ती म्हणाली, हितंच टाका, आन् घोड्याचं ओझं आदी उतरवा, त्याची पाठ सोलवटलीय. सिद्धूनं ओझं उतरवलं.